वाजवण्याचा परवाना : ताजमहाल हॉटेलातील परदेशी वादकांची गोष्ट

१९३५ सालच्या अखेरीस अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादकांचा एक ताफा मुंबईत उतरला आणि अपोलो बंदरावरील ताजमहाल हॉटेलाच्या नृत्यगृहात वाजवू लागला. ताफ्याचे प्रमुख होते लिऑन ॲबी हे व्हायोलिनवादक. १९२७ मध्ये त्यांनी दक्षिण अमेरिकेचा दौरा केला होता आणि त्यानंतरची वर्षे युरोपात काढली होती. पॅरिस हे त्यांचे ठाणे. पॅरिसहून लंडन एका रात्रीच्या अंतरावर, तर मुंबईला बोटीने दोन-तीन आठवडे लागत. सॅक्सोफोन, ट्रंपेट, ढोलांच्या पेट्या आणि माणसाच्या उंचीचा डबल बास घेऊन हे लोक सुवेझ ओलांडून इतक्या दूर का आले?

'मुंबईत जॅझची हौस होती म्हणून' हे उत्तर अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे उत्तर लंडन आणि पॅरिस येथील कायद्यांच्या पुस्तकांत सापडते. संगीताच्या इतिहासात रागांची, घराण्यांची, फार तर आश्रयदात्यांची चर्चा होते. परक्या मुलखात पोटासाठी वाजवण्याची परवानगी कोण देतो, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. प्रश्न जुना आहे आणि त्याचे एक उत्तर सह्याद्रीच्या कुशीतही मिळते.

पुणे जिल्ह्यातील वेल्हे तालुका, ज्याला अलीकडे राजगड हे नाव मिळाले, म्हणजे जुन्या कागदांतील कानद खोरे आणि गुंजण मावळ. एका अंगाला तोरणा, दुसऱ्या अंगाला राजगड. गुंजण मावळाची देशमुखी शिळीमकरांकडे होती, हे शिवकालाच्या अभ्यासकांना ठाऊक आहेच. या मुलखात, किंबहुना साऱ्या मराठी मुलखात, वाद्य वाजवणे ही केवळ कला नव्हती. ते वतन होते. देवळापुढे कोणी वाजवायचे, लग्नाच्या वरातीत वाजंत्री कोणाचे, त्याबद्दल धान्य किती, नारळ कोणाला, सणावारी पहिला मान कोणाचा, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असे. गुरव, मांग आणि काही ठिकाणी न्हावी, ज्याचा त्याचा हक्क ज्याच्या त्याच्या गावापुरता. दुसऱ्या गावचा सनईवाला कितीही गोड वाजवत असला तरी हक्कदाराला डावलून त्याने बिदागी घेतली तर तंटा उभा राही आणि तो गोतसभेपुढे जाई. देशमुखाच्या स्वारीपुढे वाजणाऱ्या वाद्यांचाही मान ठरलेला असे. तो मान दुसऱ्याने उचलला तर तलवारी उपसल्या जाण्याइतकी ती गोष्ट गंभीर मानली जाई.

विसाव्या शतकातील युरोपने गावाच्या जागी राष्ट्र ठेवले आणि हक्कदाराच्या जागी कामगार संघटना आणली. शिवेवरचा तंटा तोच राहिला.

युरोपात घडले ते असे. १९२० चे दशक हे वादकांचे सोन्याचे दशक होते. मूकपट चालू असताना पडद्याखाली बसून वाजवायला प्रत्येक चित्रपटगृहाला वाद्यवृंद लागे. १९२७ नंतर बोलपट आले आणि दोन-तीन वर्षांत हजारो वादक रस्त्यावर आले. त्यातच जागतिक मंदी. अशा वेळी बाहेरून आलेला वादक हा पाहुणा राहत नाही. तो घास हिरावणारा ठरतो.

ब्रिटनमध्ये १९२० चा परकीयांविषयीचा आदेश होता. त्यानुसार परकीय माणसाला नोकरीवर ठेवायचे असेल तर मालकाने मजूर मंत्रालयाकडून परवाना काढावा लागे. सुरुवातीला परवाने मिळत. १९३२ मध्ये लुई आर्मस्ट्राँग आणि १९३३ मध्ये ड्यूक एलिंग्टन ब्रिटनमध्ये वाजवून गेले, ते याच व्यवस्थेत. परंतु अमेरिकेतील वादकांची संघटना ब्रिटिश बँडना तिकडे पाऊल ठेवू देत नव्हती. ब्रिटिश संघटनेने याकडे बोट दाखवून सरकारवर दबाव आणला आणि १९३५ मध्ये अमेरिकन बँडना परवाने देणे जवळजवळ थांबले. ही कोंडी १९५६ पर्यंत, म्हणजे दोन दशके टिकली. एका पिढीतील ब्रिटिश तरुणांनी आपले आवडते वादक केवळ तबकड्यांवर ऐकले.

हा बंदोबस्त किती कडक होता, हे समजण्यासाठी एक खटला पाहण्याजोगा आहे. भारतातही फौजदारी कायदा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या तो वाचनात येतो, मात्र त्यामागचे संगीत त्यांना कोणी ऐकवत नाही. डिसेंबर १९४९ मध्ये अमेरिकन सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्स लंडनला उतरले. देशात प्रवेश मिळाला तो एका अटीवर : पगारी असो वा बिनपगारी, कोणतेही काम करायचे नाही. त्याच दिवशी एका नाट्यगृहातील मैफलीत ते प्रेक्षकांत बसले होते. त्यांना व्यासपीठावर येण्याची विनंती झाली, ते उठले आणि त्यांनी वाजवले. हर्बर्ट विलकॉक्स नावाचे एका जॅझ मासिकाचे मालक विमानतळावर त्यांच्या स्वागताला गेले होते, तिकीट काढून मैफलीला बसले होते आणि नंतर त्यांनी मासिकात त्या मैफलीचे कौतुक छापले. खटला भरला गेला तो विलकॉक्स यांच्यावर. परकीयाला बेकायदा वाजवण्यास साहाय्य आणि प्रोत्साहन दिल्याबद्दल त्यांना दंड झाला आणि १९५१ मध्ये वरच्या न्यायालयाने तो कायम केला. त्यांनी मैफलीत हुर्यो उडवली असती तर निदान त्यांच्या बाजूने काही पुरावा झाला असता, असा न्यायमूर्तींच्या म्हणण्याचा आशय होता. टाळ्या वाजवणे हा गुन्ह्याचा भाग ठरावा, असे उदाहरण संगीताच्या इतिहासात विरळाच.

फ्रान्सची वाट वेगळी, पण दिशा तीच. ऑगस्ट १९३२ मध्ये तेथे देशी कामगारांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याच्या आधारे वाद्यवृंदांतील परदेशी वादकांचे प्रमाण दहा टक्क्यांवर बांधले गेले. दहा जणांच्या बँडमध्ये एकच परदेशी! पॅरिसच्या मोंमार्त्र भागात अमेरिकन कृष्णवर्णीय वादकांची अख्खी वसाहत होती. तिच्या पायाखालची जमीन या आकड्याने सरकली. काही क्लबांनी पळवाट काढली. फ्रेंच वादक नुसते हातात वाद्य घेऊन बसत, पगार घेत, आणि वाजवत दुसरेच. परंतु एका वादकामागे कित्येक मुक्या वादकांचा पगार देणे कोणत्या मालकाला परवडेल?

मायदेशी परतावे तर तेथे वर्णभेद. ज्या हॉटेलात वाजवायचे त्याच हॉटेलच्या पुढच्या दाराने आत जाण्यास मनाई, अशी अमेरिकेतील अनेक शहरांची रीत होती. लंडन बंद, पॅरिस अरुंद, आणि घर हे असे. मग नकाशावर जी शहरे उरली त्यांत शांघाय होते आणि मुंबई होती.

ब्रिटिश हिंदुस्थानात परकीयांसाठी कायदे नव्हते असे नाही. १८६४ चा परकीयांविषयीचा कायदा होता, १९२० चा पासपोर्टचा कायदा होता आणि महायुद्धाच्या तोंडावर, १९३९ मध्ये, परकीयांच्या नोंदणीचा कायदा आला. सरकारला वादकाचे राजकारण कळायला हवे होते, हालचाली कळायला हव्या होत्या. मात्र बँडमध्ये परदेशी किती असावेत, याची टक्केवारी ठरवणारा कायदा येथे नव्हता. मुंबईत सरकारची नजर वादकापेक्षा जागेवर आणि तिकिटावर अधिक असे. करमणुकीच्या जागांवर पोलीस आयुक्तांचे नियंत्रण होते आणि १९२३ पासून तिकिटांवर करमणूक कर होता. नाटकाच्या संहितेवर तर १८७६ च्या कायद्याची तलवार लटकतच होती. १९१० मध्ये खाडिलकरांच्या 'कीचकवधा'चे प्रयोग बंद पडले, ते मराठी वाचकाला सांगायला नको. शब्दांना हे सरकार भीत होते. ट्रंपेटला भिण्याचे त्याला कारण दिसले नसावे.

ॲबी यांच्यानंतर त्या ताफ्याची सूत्रे क्रिकेट स्मिथ यांच्याकडे आली. ट्रंपेटवादक स्मिथ तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते. जॅझ हा शब्दही रुळला नव्हता, त्या काळात न्यूयॉर्कमध्ये जेम्स रीस युरोप यांच्या वाद्यवृंदात त्यांनी वाजवले होते. १९३६ मध्ये त्यांच्या बँडने मुंबईत 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' ही तबकडी ध्वनिमुद्रित केली. रचना होती मीना सायलस या बगदादी ज्यू संगीतकाराची. बगदादी ज्यू रचनाकार, अमेरिकन कृष्णवर्णीय वादक, पारशी मालकीचे हॉटेल आणि नाव मुघल इमारतीचे. मुंबईचे याहून नेमके वर्णन करणे अवघड आहे.

याच मंडळींत पियानोवादक टेडी वेदरफर्ड होते. जन्म १९०३ चा, व्हर्जिनिया राज्यातील. शिकागोत नाव कमावून १९२६ मध्ये त्यांनी आशिया गाठला आणि मग अमेरिकेत ते कायमचे असे परतलेच नाहीत. शांघाय, मुंबई, कोलंबो, कलकत्ता अशी त्यांची भ्रमंती झाली. एकेकाळी ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदात असलेले क्लॅरिनेटवादक रूडी जॅक्सन हेही त्यांच्या बँडमध्ये वाजवत. महायुद्धाच्या काळात वेदरफर्ड कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात होते. एप्रिल १९४५ मध्ये पटकीने त्यांचा तेथेच अंत झाला. वय अवघे एकेचाळीस. युद्ध संपायला काही महिनेच उरले होते.

या अमेरिकनांच्या बाजूला बसून जे वाजवत होते, ते कोण? येथे खरी गंमत आहे. त्यांतील बहुसंख्य गोमंतकीय होते, आणि कायद्याच्या भाषेत तेही परकीयच होते.

गोवा तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात. तेथे चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली जाई. वाचायला येण्याआधी स्वर वाचायला येत, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. परंतु गोव्यात वादकाला चर्चची सेवा, लग्न आणि सण एवढेच काम. पोट भरायचे तर मुंबई, पुणे, कराची, कलकत्ता, नाही तर आफ्रिकेची बोट. पलटणीच्या बँडमध्ये, संस्थानिकांच्या पदरी, मूकपटांच्या चित्रपटगृहांत, बोटींवर, जेथे स्वरलिपी वाचणारा माणूस लागे तेथे गोमंतकीय असे.

पोर्तुगीज प्रजाजन असूनही त्यांना मुंबईत वाजवायला फारशी आडकाठी नव्हती. याचे एक मूळ १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहात आहे. त्या तहाने गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यात जकातीची एकी झाली आणि मुरगावहून घाट चढणाऱ्या रेल्वेचा मार्ग मोकळा झाला. जकातीची एकी १८९२ मध्ये संपली, रेल्वे राहिली. त्यानंतर घाटमाथ्यावरील कॅसल रॉक स्थानकात जकातीसाठी सामान उघडले जाई. व्हायोलिनची पेटी काखोटीला मारून लोंढा-पुणे मार्गे बोरीबंदर गाठणाऱ्या तरुणाच्या प्रवासातील तो एक नेहमीचा मुक्काम.

मुंबईत उतरल्यावर धोबी तलाव किंवा माझगाव येथील आपापल्या गावाच्या 'कुडा'त पथारी. कूड म्हणजे एका गावच्या लोकांनी मिळून चालवलेले वसतिगृह : एक मोठी खोली, भिंतीला लागून पेट्या, कोपऱ्यात देव्हारा आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना. आपल्या माणसाला काम लागेपर्यंत तेथे आसरा मिळे. प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या इराण्याकडे वादक चहा घेत बसत आणि आज कोणाला माणूस हवा आहे, याची वाट पाहत. मावळातील गावकीपेक्षा ही व्यवस्था वेगळी, पण गावाचे नाव हाच परवाना, हे सूत्र मात्र ओळखीचे.

वाद्यांचा प्रश्न वेगळाच. मुंबईचा पावसाळा पाश्चात्त्य वाद्यांना मानवत नाही. व्हायोलिन आणि डबल बास यांचे सांधे सरसाने चिकटवलेले असतात. दमट हवेत सरस सैल होतो आणि सांधा उकलतो. ढोलांना तेव्हा वासराचे कातडे असे. जुलैत ते इतके लोंबे की शेकल्याशिवाय आवाज निघत नसे. आतड्याच्या तारा तुटत, सॅक्सोफोनच्या गाद्या फुगत, वेताची जिव्हाळी बुरसत. नवे सामान विलायतेहून येई, तेही बोटीच्या वेळापत्रकाने. चांगले वाद्य ही वादकाची मिळकत असे, आणि ते जपणे हा संगीताइतकाच व्यवसायाचा भाग होता.

ताजमध्ये मिकी कोरिया या गोमंतकीय बँडप्रमुखांची कारकीर्द १९३० च्या दशकाअखेरीपासून १९६० पर्यंत चालली. त्यांचा जन्म मोंबासाचा. म्हणजे गोमंतकीय वंश, आफ्रिकेत जन्म आणि मुंबईत कर्तृत्व. हळदोण्याचे आंतोनिओ झेव्हियर वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने गाजले आणि त्यांना मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हटले जाई. कुडचडे येथील फ्रँक फर्नांड यांनी वेदरफर्ड यांच्या हाताखाली ट्रंपेट वाजवला. पुढे याच फ्रँक यांनी 'आमचें नशीब' (१९६३) आणि 'निर्मोण' (१९६६) हे कोंकणी चित्रपट काढले. कागदावरून वाजवणे गोमंतकीयांना चर्चने शिकवले होते. कागद बाजूला ठेवून स्वतःचे वाजवणे त्यांना या अमेरिकनांच्या सहवासात उमजले. लंडनच्या परवान्यांनी आणि पॅरिसच्या टक्केवारीने जे लोक हाकलले, ते मुंबईचे गुरू झाले.

स्वातंत्र्यानंतर दोन गोष्टी घडल्या. पहिली दारूबंदी. मुंबईचा दारूबंदी कायदा १९४९ चा, पुढच्या वर्षी त्याची अंमलबजावणी सुरू झाली. नृत्यगृहांचे अर्थकारण मद्यावर उभे होते. ते कोसळताच बँड लहान झाले, काही मोडले. वादकांवर बंदी कोणीच घातली नव्हती, तरी पोट गेले. हे लोक तेव्हा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांकडे वळले, तेथे संगीतकारांना त्यांची निकड होतीच. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, चाल गुणगुणत. चिक चॉकलेट आणि त्यांचे सहकारी ती स्वरलिपीत उतरवून ट्रंपेट, सॅक्सोफोन, बाँगो यांत वाटून देत. १९५१ चा भगवानदादांचा 'अलबेला' हा त्या भेटीचा ठसठशीत पुरावा. त्यातील एका गाण्यात चिक चॉकलेट यांचा बँड पडद्यावरही दिसतो. श्रेयनामावलीत मात्र अशा संयोजकांची नावे क्वचितच आली. हा अन्याय पुसून निघालेला नाही.

दुसरी गोष्ट नागरिकत्वाची. मुंबईत वाजवणारा हळदोण्याचा किंवा माजोर्ड्याचा माणूस २६ जानेवारी १९५० रोजी कोणत्या देशाचा? संविधानाच्या पाचव्या अनुच्छेदाने एक दार उघडे ठेवले होते : ज्याचे कायम वास्तव्य भारतात आहे आणि जो आधीची किमान पाच वर्षे येथे राहत आला आहे, तो नागरिक. पाच वर्षे न भरलेल्यांची स्थिती अधांतरी. त्यात १९५४ नंतर गोव्याची नाकेबंदी सुरू झाली. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहात पोर्तुगीजांनी गोळीबार केला आणि सीमा जवळजवळ बंद झाली. रेल्वे थांबली, ये-जा परवान्यावर आली. मुंबईत दिवसा प्रेमगीताला व्हायोलिन वाजवणाऱ्या कित्येकांची आई पलीकडे होती. कॅसल रॉकला आता पेटी उघडून दाखवण्याचाही प्रश्न उरला नव्हता.

डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. पुढच्या वर्षीच्या नागरिकत्व आदेशाने गोवा, दमण आणि दीव येथे जन्मलेल्यांना आणि तेथील वंशजांना २० डिसेंबर १९६१ पासून भारतीय नागरिक मानले. ज्याला दुसरे नागरिकत्व टिकवायचे होते, त्याने एका महिन्यात तसे लिहून द्यायचे. मुंबईतील नवख्या गोमंतकीय वादकांचा परकेपणा असा एका अधिसूचनेने संपला. योगायोग असा की त्याच डिसेंबरच्या ६ तारखेला ब्रसेल्समध्ये 'एटीए कार्ने'चा आंतरराष्ट्रीय करार झाला होता. माल आणि व्यावसायिक सामान परदेशी तात्पुरते नेऊन जकात न भरता परत आणण्याची सोय त्याने केली. वादकांच्या दृष्टीने तो वाद्यांचा पासपोर्टच. भारतात हे कागद 'फिक्की' ही संस्था देते.

वाद्याच्या अंगातील लाकूड आणि कातडे यांनाही पुढे कायद्याने गाठले. गोव्याच्या घुमटाला परंपरेने घोरपडीचे कातडे लागे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपड संरक्षित झाली आणि तिच्या कातड्याचे घुमट बाळगणेच अडचणीचे झाले. मग कारागीर बकऱ्याच्या कातड्याकडे वळले आणि २०१९ मध्ये गोवा शासनाने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य घोषित केले. मराठी मुलखातील वाघ्यामुरळीच्या दिमडीचीही कथा याच जातीची. शिसवाचे तर सारे कूळच जानेवारी २०१७ पासून 'साइटिस' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेले. तबल्याचे खोड शिसवाचे असले की विक्रीसाठी परदेशी पाठवताना कागद लागू लागले. वाद्यनिर्मात्यांच्या आणि वाद्यवृंदांच्या तक्रारींनंतर २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली.

अमेरिकेची कथा राहिली. हॉकिन्स आणि बेशे यांच्यासाठी ब्रिटनने दार लावले, त्याआधीच अमेरिकेने आपले लावले होते. तेथील जुन्या कायद्यात कंत्राटी मजुरांना बंदी होती, पण नट, कलावंत, व्याख्याते आणि गायक यांना सूट होती. वाद्य वाजवणारा कलावंत की मजूर? यावर वर्षानुवर्षे वाद चालला. १७ मार्च १९३२ च्या कायद्याने निकाल दिला : परदेशी वादक हा असामान्य गुणवत्तेचा असेल किंवा तशा लौकिकाच्या वाद्यवृंदाचा घटक असेल, तरच कलावंत. एरवी तो मजूर. म्हणजे सीमेवरचा अधिकारी संगीताचा परीक्षक झाला.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात उदय शंकर यांचा नृत्यसंच न्यूयॉर्कमध्ये प्रथम झळकला. त्याचे संगीत सांभाळणाऱ्यांत हुबळीचे विष्णुदास शिराळी होते, पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या गांधर्व महाविद्यालयात घडलेले. गुरूंनी लाहोर-मुंबईत तिकीट लावून गाण्याला प्रतिष्ठा दिली आणि शिष्याने अटलांटिकपल्याड तबलातरंग नेला.

१९३२ ची ती गुणवत्तेची कसोटी अजून जिवंत आहे. १९५२ च्या कायद्यात ती 'एच-१' वर्गात आली. १९९० मध्ये तिच्यातून 'ओ' आणि 'पी' हे वर्ग निघाले. आज एखाद्या पुणेकर तबलजीला किंवा ढोल-ताशा पथकाला अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात मानधन घेऊन वाजवायचे असेल, तर 'सांस्कृतिकदृष्ट्या अनन्य' अशा कलेसाठी असलेला 'पी-३' हा वर्ग त्यांच्यासाठी आहे. अर्जासोबत त्या क्षेत्रातील अमेरिकन कामगार संघटनेचे मत मागवले जाते. पर्यटक म्हणून जाऊन वाजवले आणि बिदागी घेतली, तर तो नियमभंग. मुळशी, भोर, वेल्हे या पट्ट्यातील ढोल-लेझीम पथके गणेशोत्सवात पुण्यात येतात, तेव्हा त्यांना असले काही लागत नाही. त्यांच्या आजोबा-पणजोबांच्या काळी मात्र शेजारच्या गावात वाजवायलाही विचारावे लागे.

या साऱ्या कथेत एक माणूस दोन्ही दिशांनी गेला. अँथनी गोन्साल्विस, जन्म १९२७, गाव माजोर्डा. पोर्तुगीज प्रजाजन म्हणून जन्मले, मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हायोलिनवादक आणि संयोजक म्हणून नावारूपास आले. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. गोन्साल्विस यांना हिंदुस्थानी राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालायचा होता. १९५८ मध्ये सेंट झेव्हियर्स महाविद्यालयाच्या चौकात त्यांनी आपला भारतीय सिंफनी वाद्यवृंद उभा केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. पदरचे पैसे घालून केलेला असा प्रयोग मुंबईत फार काळ चालणार नव्हता.

१९६० च्या दशकाच्या मध्यास ते सिरॅक्यूज विद्यापीठाच्या पाठ्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. मजूर की कलावंत, या प्रश्नाला विद्यार्थी हे तिसरे उत्तर असते, आणि दाराशी ते बहुधा सर्वांत कमी अडते. काही वर्षांनी ते परतले, ते मुंबईला नव्हे, माजोर्ड्याला. चित्रपटसृष्टीत ते पुन्हा शिरले नाहीत. १९७७ मध्ये 'अमर अकबर अँथनी' आला. त्यातील अमिताभ बच्चन यांच्या गाण्यात नायक ज्या नावाने आपली ओळख सांगतो, ते नाव प्यारेलाल यांनी आपल्या गुरूला दिलेली दक्षिणा होती. गाणे गल्लोगल्ली वाजले. ज्यांचे ते नाव, ते गृहस्थ २०१२ मध्ये वारले तोवर माजोर्ड्यातच राहत होते.